डाव्या कुशीवर

नानचांग, २ मार्च २०२५

चि. नीन्के हिला मेंगकाकाचे अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र परवा मिळालं. इकडे सर्व क्षेम आहे. फक्त या 'सर्व'मध्ये माझा उजवा गुडघा धरू नकोस. तुझ्या चिनी लिखाणात या खेपेस अकरा चुका आहेत. मागच्या पत्रात एकोणीस होत्या. या गतीने तू तिशीच्या आत आमच्या नगरपालिकेतल्या कारकुनाइतकं शुद्ध लिहायला लागशील, आणि मग तुला सुधारायला काही उरणार नाही म्हणून मी दुःखी होईन.

एप्रिलच्या चार तारखेला बीजिंगहून येतेस हे वाचून बरं वाटलं. तो आमचा पितरांच्या कबरी झाडायचा दिवस. गाड्यांना तोबा गर्दी असते, तिकीट आत्ताच काढून ठेव. तू उतरशील ते स्टेशन तू मागच्या वेळी इथे होतीस तेव्हा नव्हतं. तू तेरा महिन्यांची होतीस आणि नानचांगच्या कुठल्याही प्रेक्षणीय स्थळापेक्षा तुला माझा चष्मा अधिक प्रेक्षणीय वाटत होता. त्याची एक काडी अजून वाकडी आहे. दुरुस्त करून घेतली नाही. पुरावा म्हणून ठेवली आहे.

तुझे चार दिवस मी आखून टाकलेत. पहिल्या दिवशी नदीकाठचा मनोरा. हा हजार वर्षांपूर्वीचा, असं मी तुझ्या आईबाबांना सांगितलं होतं. तो एकोणतीस वेळा बांधला गेलाय हे थोडं नंतर सांगितलं, आणि आत लिफ्ट आहे हे त्यांचं त्यांनाच कळलं. तुझे आजोबा वरच्या मजल्यावर पोचले आणि मला म्हणाले, "मास्तर, यातलं जुनं काय आहे ते दाखवा." मी म्हणालो, "खाली वाहते ती नदी." ते इतके हसले की तू त्यांच्या खांद्यावर दचकून जागी झालीस.

त्या आठवड्याची गंमत तुला कोणी नीट सांगितली आहे का? तुला ताब्यात दिलं तो सरकारी कचेरीतला कार्यक्रम पाऊण तासात उरकला. सह्या झाल्या, अंगठे उमटले, तुझी आई हिल्के रडली, तुझ्या बाबांनी, वाउटरने, सगळ्यांशी दोनदा हस्तांदोलन केलं, शिपायाशीसुद्धा. मग तुझा पासपोर्ट होईपर्यंत आठ दिवस थांबायचं. त्या आठ दिवसांत दत्तक घेणाऱ्या परदेशी घरांना करमणूक पुरवणं हा माझा धंदा. दुभाषी मी, गाइड मी, दुधाची बाटली कोमट आहे की नाही ते सांगणाराही मीच. त्यात तुझे आजोबा निघाले जन्मभर शाळेत लॅटिन शिकवलेले आणि निवृत्तीनंतर हौसेने संस्कृत शिकलेले. मी बीजिंगला सहा वर्षं संस्कृत शिकून अशा गावी परतलो होतो जिथे त्या भाषेची गरज कोणालाच, अगदी इथल्या देवळांतल्या बुद्धालासुद्धा, नव्हती. दोन निरुपयोगी विद्या एका भाड्याच्या गाडीत भेटल्या. मागे तू रडत होतीस आणि पुढे आम्ही दोघं पाठांतराच्या भेंड्या लावत होतो. तुझ्या आईने आम्हाला अनेकदा डोळ्यांनी दटावलं. परिणाम शून्य.

तर दुसऱ्या दिवशी बोटीतून फेरी, तिसऱ्या दिवशी चिनी मातीच्या भांड्यांचं गाव, चौथ्या दिवशी मोठं सरोवर. क्रौंच पक्षी तोवर उत्तरेला गेलेले असतील, पण ते जिथे असतात ती जागा मी दाखवीन. सकाळी कालवलेल्या तांदळाच्या शेवया आणि रांजणातलं सूप. पोटाची तयारी करून ये.

हेंगथांगला जायचं म्हणतेस, ते वाचलं. बालगृहाच्या फाटकापाशी उभं राहायचंय, शोधाची पत्रकं लावायची आहेत, हे समजलं. पण ते फाटक पाडून नऊ वर्षं झाली. तिथे आता लग्नाचे फोटो काढणाऱ्याचं दुकान आहे आणि दारात पिसांचे पंख लावलेल्या, फोटोपुरत्या दोन लाकडी घोड्या. अडीच तास गाडीत बसून काय बघणार? आणि चार दिवस तर भरलेच आहेत.

शेवटी लिहितेस की अजून डाव्या कुशीवरच झोपतेस, आणि वसतिगृहातल्या मैत्रिणींना सांगतेस की हा तुझा एकुलता एक वारसा, बालगृहातल्या हुआंगमावशींनी निरोप घेताना आईच्या कानात घातलेला. असो. झोप लागल्याशी मतलब.

तुझा
मेंगकाका


नानचांग, १४ मार्च २०२५

चि. नीन्के हिला आशीर्वाद.

तू हट्टी आहेस. हे मी तक्रार म्हणून लिहीत नाही, नोंद म्हणून लिहितो. तुझे आजोबाही असेच होते. एका शब्दाचा अर्थ मी चुकीचा सांगितला असं त्यांना वाटलं, तर त्यावर ते मला पत्रामागून पत्र पाठवायचे. एकदा हे अडीच वर्षं चाललं. बरोबर त्यांचंच होतं, पण ते मी कबूल करायला अडीच वर्षं घेतली. हे वाक्य पुन्हा वाचलं. खोडावंसं वाटलं, पण राहू दे.

तुझं पत्रक पाहिलं. फोटो छान आहे. मजकूर शुद्ध आहे, एकच चूक, आणि तीही अशी की कोणाच्या लक्षात येणार नाही. "१७ सप्टेंबर २००४ रोजी पहाटे हेंगथांग बालगृहाच्या फाटकापाशी मिळालेली मुलगी आपल्या जन्मदात्या आईचा शोध घेते आहे." कागदपत्रांत जसं आहे तसंच लिहिलंयस. कागदपत्रांना धरून चालावं, हे योग्यच.

तिथल्या निवृत्त पोस्टमनशी, कुआंगरावांशी, तू परस्पर पत्रव्यवहार केलास आणि त्यांनी बाजारात पत्रकं लावलीसुद्धा, हे मात्र मला नवीन होतं. तीन आठवडे वाट पाहायची होतीस. आपण मिळून लावली असती.

ते जे तू दोन ओळींत लिहिलंयस त्याबद्दल. एक बाई आली, पत्रकापुढे बराच वेळ उभी राहिली, कुआंगरावांना म्हणाली की तारीख तीच आहे, पण माझी नदीच्या पायऱ्यांवर होती, फाटकापाशी नव्हे, तेव्हा ही दुसऱ्या कोणाची तरी असेल. उगाच तुमचा वेळ घेतला. आणि नाव न सांगता पलीकडच्या तीराला जाणाऱ्या बसमध्ये चढली. तू लिहितेस, 'बिचारी, तिचीही कुठेतरी असेल.' तुझं मन मोठं आहे. अशा बायका पुष्कळ येतात, असं ऐकून आहे. तारखा जुळतात, बाकी काही जुळत नाही. तू फार आशा धरू नयेस इतकंच माझं म्हणणं.

हुआंगमावशींचा पत्ता विचारतेस. त्या आता ऐंशीच्या पुढे असतील. म्हाताऱ्या माणसांना मागचं आठवत नाही, आणि आठवलं तर भलतंच आठवतं. त्यांची बोली तुला कळणार नाही. ती पन्नास मैलांपलीकडे आम्हालाही कळत नाही. कशाला त्रास द्यायचा?

हवा बदलली आहे. जाड कोट आणू नकोस. आईला नमस्कार सांग.

तुझा
मेंगकाका

ता. क. पत्र पाकिटात घालून चार दिवस टेबलावर पडून होतं. पाठवू की नको अशा विचारात होतो. आज पाठवतो आहे.


हेंगथांग, २३ मार्च २०२५

नीन्के,

आशीर्वाद आज लिहीत नाही. आशीर्वाद देणाऱ्याकडे काहीतरी शिल्लक असावं लागतं.

माझं मागचं पत्र तुला अजून मिळालं नसेल. मिळालं तर त्यातली हवेची बातमी तेवढी खरी धर. पहिल्या पत्रातली चार दिवसांची सहल मी तुला काही दाखवण्यासाठी आखली नव्हती. हेंगथांगसाठी एकही दिवस उरू नये म्हणून आखली होती.

फोन करता आला असता. पण फोनवर मी मध्येच विनोद केला असता, तू हसली असतीस, आणि मी त्या हसण्याला सुटका समजून गप्प बसलो असतो. माझ्या विनोदाचा उपयोग मी नेहमी तसाच केला आहे.

आता सरळ सांगतो. तू फाटकापाशी मिळाली नव्हतीस. तू नदीच्या पायऱ्यांवर मिळालीस. हे मला एकोणीस वर्षं आणि पाच महिने माहीत आहे.

तुझ्या त्या आठवड्यातला पाचवा दिवस. हिल्केला तुझं बालगृह पाहायचं होतं, म्हणून आम्ही सगळे इथे आलो. संचालकांनी चहा दिला, भिंतीवरचे फोटो दाखवले. मग मागच्या अंगणात, दुपटी वाळत होती तिथे, हुआंगमावशींनी माझी बाही धरली. तू हिल्केच्या कडेवर होतीस. मावशी इथल्या बोलीत, भरभर, मला म्हणाल्या की कागदावर लिहिलंय ते खोटं, खरं काय ते या बाईला सांग. आणि त्यांनी सांगितलं. आठ-दहा वाक्यं. मला त्यातलं प्रत्येक कळलं; माझी आजी या बाजूचीच. हिल्के एकदा त्यांच्याकडे आणि एकदा माझ्याकडे बघत होती. दुभाष्याच्या तोंडाकडे माणसं जशी बघतात तशी. तिने विचारलं, "काय म्हणतात त्या?"

मी म्हणालो, "त्या म्हणतात, ही डाव्या कुशीवर झोपते. रडायला लागली तर डाव्या कुशीवर निजवा."

आदल्या दिवशी गाडीत तू तशी झोपलेली मी पाहिली होती. तेवढंच त्या क्षणी सुचलं.

हिल्केने मावशींना मिठी मारली, त्यांचा हात हातात घेऊन कितीतरी वेळा मान हलवली. मावशी रडत मला म्हणाल्या, "सांगितलंस ना सगळं?" मी म्हणालो, "सांगितलं."

का, असं तू विचारशीलच. इतकी वर्षं मी स्वतःला एक उत्तर देत आलो, आणि ते चांगलं घोटलेलं आहे: संचालक जवळ होते, कागद खोटा ठरला असता, तुझा पासपोर्ट अडकला असता, मावशींची नोकरी गेली असती. ऐकायला उत्तम आहे. पण संचालक तेव्हा वाउटरला भाजीचा मळा दाखवत होते, भिंतीपलीकडे. आणि दत्तकाचा निकाल चार दिवसांपूर्वीच लागून गेला होता.

खरं कारण लाज वाटण्याइतकं लहान आहे. मनोरा पाच वाजता बंद होत असे. बाहेर गाडीपाशी तुझे आजोबा उभे होते आणि आमचं एक पद अर्धं राहिलं होतं. पुढचा चरण मला आठवला होता आणि तो त्यांना ऐकवायची घाई झाली होती. वीस वर्षांत पहिल्यांदा कोणीतरी माझी विद्या ऐकायला उत्सुक होतं. शिवाय मावशी बोलल्या ते मी सांगितलं असतं तर तुझी आई परतीचे अडीच तास रडली असती, आणि रडणारं कुटुंब घेऊन प्रेक्षणीय स्थळं दाखवता येत नाहीत, हे आमच्या धंद्यात पहिल्या वर्षी शिकवतात. त्या संध्याकाळी आम्ही मनोऱ्यावर गेलो. आजोबांनी विचारलं, यातलं जुनं काय आहे. बाकी तुला माहीतच आहे. ती गोष्ट मी तुला किती रंगवून सांगत आलो, आणि दर वेळी तिच्या आधीचे तीन तास कापून.

तुझ्या आजोबांशी माझा सोळा वर्षं पत्रव्यवहार होता. एका शब्दाच्या अर्थावर आम्ही अडीच वर्षं घालवली. हे मात्र एकदाही लिहिलं नाही. त्यांच्या निधनाची तार यावी तशी तुझी चार ओळींची चिठ्ठी आली, तेव्हा मला आधी सुटल्यासारखं वाटलं आणि मग दुःख झालं. क्रम असा होता.

मी गप्प राहिलो असतो तर आणखीही वीस वर्षं राहिलो असतो, हे मला ठाऊक आहे. पण ती बाई पत्रकापुढे उभी राहिली. तिने तारीख ओळखली आणि जागा वाचून परत गेली. 'उगाच तुमचा वेळ घेतला' म्हणाली. हे तू मला कळवलंस, आणि त्यावर मी तुला काय लिहिलं ते तू वाचशीलच. अशा बायका पुष्कळ येतात, असं ऐकून आहे. कोणाकडून ऐकलं? कोणाकडूनच नाही.

काल सकाळी बसने इथे आलो. हुआंगमावशी लेकीकडे राहतात, बाजारामागे. ओट्यावर वाल सोलत बसल्या होत्या. मला पाहून म्हणाल्या, "चष्मेवाला. वाळलास रे." त्यांना आठवत नाही असं मी तुला लिहिलं होतं.

म्हटलं, "मावशी, ती मुलगी येते आहे."

"कोणती? माझ्या हातून तीनशे गेल्या."

"पायऱ्यांवरची."

त्यांनी वाल खाली ठेवले. "तिच्या आईला मी सांगितलं होतं ना सगळं. चांगली बाई. माझा हात सोडत नव्हती."

मी म्हणालो, "मी त्यातलं काहीच सांगितलं नव्हतं."

त्यांनी हातांवरची सालं झटकली. "मग ती मान कशाला हलवत होती?"

"मी तिला म्हणालो, ही डाव्या कुशीवर झोपते."

"डाव्या?" मावशी म्हणाल्या. "ती तर पालथी झोपायची."

नीन्के, हे लिहायला मला सगळ्यात जास्त वेळ लागला. तो वारसा तुझा नाही, माझा आहे. परत घेता येत नाही, आणि तुझ्याकडे राहू दे म्हणण्याचं तोंड मला नाही.

त्या रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं. पुन्हा वाल सोलू लागल्या आणि म्हणाल्या, "आमचा नावाडी शाळेची पायरी चढला नव्हता. पण पलीकडे न्यायला दिलेलं एक बदक त्याने कधी पाण्यात सोडलं नाही. तू तर एवढा शिकलेला." नंतर मला जेवायला वाढलं. मी जेवलो, हेही सांगून टाकतो.

जेवणानंतर त्या मला पायऱ्या दाखवायला घेऊन गेल्या. नाव बंद झाली आहे, वरच्या अंगाला पूल झाला. पण पायऱ्या आहेत, बायका अजून तिथे भाजी धुतात. मावशींच्या बोलण्यातलं कापराचं झाडही आहे. पलीकडच्या तीरावर बदकं पाळणाऱ्यांची तीन गावं आहेत. मावशी म्हणतात, तू ज्या टोपलीत होतीस ती तिकडची होती.

पत्रक मी बदललेलं नाही. तो तुझा कागद आहे, आणि तुझ्या वतीने आणखी एक वाक्य घालण्याचा मला हक्क नाही. कुआंगराव वाट पाहताहेत. तू कळवलंस की त्या दिवशी नवीन लावतील, आधी पलीकडच्या गावांत. इथल्या शाळेत झान नावाची तरुण शिक्षिका आहे. तिला मावशींची बोली येते आणि इंग्रजीही येतं. कमी बोलते. तिचा नंबर सोबत दिला आहे. मावशींना भेटशील तेव्हा दुभाषी ती असू दे. चार तारखेला मी स्टेशनवर येईन आणि खांबापाशी उभा राहीन. तू न बघता पुढे गेलीस तर मला समजेल, आणि हाक मारणार नाही.

हिल्केला वेगळं पत्र लिहितो आहे. आधी तुला लिहिलं, कारण ते बोलणं तुझ्याकरता होतं.

आता एक काम राहिलं. हुआंगमावशींनी काल तेच पुन्हा सांगितलं. शब्द जवळपास तेच आहेत. माझ्याही लक्षात होते, सगळे. तुझ्या आईला उद्देशून आहेत. जसेच्या तसे देतो:

"बाई, कागदावर फाटक लिहिलंय ते मनावर घेऊ नका. लिहिणारा सगळ्याच पोरांना फाटकावर लिहितो, त्याला सोयीचं पडतं. ही नदीच्या पायऱ्यांवर होती. वरून तिसऱ्या पायरीवर, पाणी पोचत नाही तिथे. बदकाच्या पिलांच्या टोपलीत. बापईमाणसाच्या निळ्या स्वेटरची बाही उसवून तिच्यात गुंडाळली होती. उजाडत होतं. कापराच्या झाडाखाली एक बाई उभी होती. मी टोपली उचलली तशी ती एक पाऊल पुढे आली. मी थांबले. मला वाटलं, नेते परत. तिने बघितलं, आणि हाताने मला खूण केली, जा म्हणून. मी बालगृहाच्या वळणापर्यंत गेले आणि मागे पाहिलं, तेव्हाही ती तिथेच होती. पोर मोठी झाली की तिला एवढं सांगा. उचलेपर्यंत तिची आई उभी होती."

दुभाषी,
मेंग बोवेन